मी न लिहिलेला लेख

चेन्नईतल्या आमच्या कॉलेजात माझ्या शेजारी बसणारे तंजावरी सर संदर्भसूचीत एक स्वल्पविराम चुकला, तरी विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध परत करतात. वर तमिळ हेलात मला ऐकवतात, "शिस्त पाहिजे, अक्का."

परवा त्यांनी स्वतःचा लेख मला तपासायला दिला. त्याच्या संदर्भसूचीत माझ्या नावावर एक लेख होता. तो मी कधी लिहिलाच नव्हता.

"सर, हा कुठून आणलात?"

"एआयनं यादी दिली." त्यांनी चष्मा पुसून त्या ओळीवरून बोट फिरवलं. "फॉरमॅट बरोबर आहे की."

संतापानं मी माझं नाव इतकं जोरात खोडलं की कागद फाटला.

"सरी, सरी," असं तमिळमध्ये 'बरं, बरं' म्हणत त्यांनी शांतपणे त्या जागी दुसऱ्या एका सहकाऱ्याचं नाव लिहिलं.