सोळाशेचं इंजिन

बोरघाटात तापलेल्या क्लचचा वास आला की खोपोलीतला जुन्या गाड्यांचा विक्रेता आठवतो. त्याच्याकडे वेगासाठी नावाजलेल्या एकाच मॉडेलच्या दोन छोट्या लाल गाड्या उभ्या होत्या. एकीचं इंजिन बाराशे सीसीचं, दुसरीचं सोळाशेचं. वडील सोळाशेची चालवून हसतच उतरले. "जन्मभर स्कूटरवर ट्रकांचा धूर खाल्ला रं. एकदा तरी घाटात पुढं जाऊ दे." मी तेव्हा नुकताच शहाणा झालो होतो, मायलेजवर व्याख्यान दिलं. "बरं हाय, तुला जास्त कळतंय," म्हणत त्यांनी बाराशेची घेतली आणि शेवटपर्यंत ट्रकच्या मागूनच निमूट घाट चढले. आता माझ्या गाडीचं इंजिन सोळाशेचं आहे. रस्ता मोकळा दिसला, की स्टिअरिंग त्यांच्या हाती देऊन शेजारी गप्प बसावंसं वाटतं.