मुद्देमाल कोंबडा, नग एक

मास्तरकी लागून वर्षही झालं नव्हतं, तोच मला कायद्याची खाज सुटली. गाव माझं नशिराबाद, नोकरी सातपुड्याच्या पायथ्याला. तिथल्या आठवडे बाजारात कोंबडे झुंजवायचे, पायाला पातळ सुरी बांधून. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग कुठूनसं कळलं, की जनावरांना छळण्याविरुद्ध कायदा आहे. झालं! पुढच्या बाजाराला मी हवालदाराला ओढतच घेऊन गेलो.

बाकीचे पळाले, एक मालक तेवढा कोंबड्यासकट सापडला. वैतागलेल्या हवालदाराने पंचनामा केला: 'तांबडा कोंबडा, नग एक, चालू स्थितीत.' ठाण्यात ठेवला तर तारखेपर्यंत त्याचा रस्सा होईल, हे तोच म्हणाला. तेव्हा सुपूर्दनाम्यावर सही करून मुद्देमाल मी घरी आणला. आमचं घर माळकरी. बायको म्हणाली, "उद्या रेडा जप्त झाला तर तोही आणा."

चार महिने तो आमच्याकडे होता. रोडावला तर कोर्टात आपली शोभा होईल, या भीतीने मी त्याला ज्वारी, बाजरी, भिजवलेले शेंगदाणे चारले. झुंजीतली जखम भरली, पिसांवर तकाकी आली. माझ्या मागे मागे तो शाळेत यायचा. मी भूतदयेचा धडा शिकवायचो आणि हा दारात उभा. माझा जीव जडला त्याच्यावर, खोटं कशाला बोलू. आता याला कोणी सुरी बांधणार नाही, या ऐटीत मी गावभर फिरायचो.

तारखेला मालकाने गुन्हा कबूल केला, किरकोळ दंड भरला. जज्जसाहेब म्हणाले, मुद्देमाल मूळ मालकाला परत करा. दंड भरला की कोंबडा परत, इतका मऊ तो कायदा. कोंबडा कायमचा काढून घ्यावा असा अर्ज आधी करता आला असता, हे मला एका वकिलाने बाहेर व्हरांड्यात सांगितलं. मी शहाणा, कलमं वाचली होती तीही अर्धीच.

मालकाने कोंबड्याची छाती चाचपली, मांड्या दाबून पाहिल्या. माझ्यावर त्याचा काही राग नव्हता. "गुरजी, भलता ताजा व्हई गया," तो म्हणाला. "आते मस्त लढी."

पावतीवर त्याने अंगठा उठवला आणि साक्षीदार म्हणून मी सही केली: मुद्देमाल चालू स्थितीत मिळाला. कोंबडा त्याच्या काखेतून मान वळवून माझ्याकडे बघत होता. त्याची ज्वारीची वेळ झाली होती.