गोधडीखालची आई

"वाकडं कापू द्या पोरांना, मॅडम, सरळ कापायला पुढं आख्खी एमआयडीसी पडलीय."

मिनल ओव्हाळ हे बोलली तेव्हा तिच्या हातात प्राजक्ता मॅडमनी दिलेली स्टीलची पट्टी होती. मातृदिन तोंडावर आला होता. तिच्या सिनियर केजीच्या वर्गातली पोरं आपापल्या आईसाठी कार्डं करत होती आणि ती सगळी एका मापाची व्हावीत असं मॅडमना वाटत होतं. मिनलनं पट्टी टेबलावर ठेवली आणि परत फरशीवर, पोरांच्या घोळक्यात जाऊन बसली. मॅडम नुसत्या हसल्या. ते हसणं तिनं होकार समजलं. तिथंच ती फसली.

शाळा कुरुळीत होती, नानासाहेबांच्या बंगल्याच्या तळमजल्यावर. नानासाहेबांची जमीन कंपन्यांत गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी दोन पिकं उभी केली होती: पुढं इंग्रजी माध्यमाची बालवाडी, मागं भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या. खोल्यांत कामगार राहायचे आणि त्यांची पोरं पुढच्या शाळेत यायची. प्रिन्सिपल होत्या नानासाहेबांच्या सूनबाई, प्राजक्ता मॅडम. भिंतींवर परदेशी फुलं रंगवलेली होती. पोरांनी ती फुलं कधी पाहिली नव्हती, पण त्यांची नावं त्यांना पाठ होती.

मिनल दापोडीहून यायची, नाशिक फाट्यावर बस बदलून. तिचे वडील कोंडीराम पिंपरीच्या एका कारखान्यात जाड कागदाची गॅस्केटं, म्हणजे यंत्राच्या जोडात बसणाऱ्या चकत्या, कापायच्या मशीनवर होते. उरलेल्या जाड कागदाचे तुकडे ते घरी आणायचे. प्रत्येक तुकड्यात गोल भोकं. लहानपणी मिनलनं त्यावर आई काढली होती आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं येतील असं बघितलं होतं. तिच्या आईनं, गिरजाबाईनं, तो कागद तोंडापुढं धरला, भोकांतून लेकीकडं बघितलं आणि म्हणाली, "लई दिवसांनी दिसलीस गं." गिरजाबाई तेव्हा घरकामाला पहाटे निघायची आणि अंधारात परत यायची. तो कागद अजून दापोडीच्या घरात, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

म्हणून पोराच्या हातचा कागद ही मिनलला गंमत वाटत नसे. तिनं खोक्यांचे पुठ्ठे जमवले, शिंप्याकडून चिंध्या आणल्या, मैद्याची खळ शिजवली. पुठ्ठा मधोमध दुमडायचा. आत आई काढायची, जशी दिसते तशी. बाकी ज्याचं त्यानं ठरवायचं. एकानं आईच्या निळ्या टोपीला खरं बटण लावलं. ओंकारनं आई काढलीच नाही, नुसती कंपनीची बस काढली.

"अरे, यात आई कुठाय?"

"आत बसलीय ना. काच काळी हाय."

दिव्या कोपऱ्यात बसली होती. तिनं पुठ्ठ्यावर उशी काढली आणि तिच्याखाली चिंध्यांची गोधडी चिकटवली. खळ फक्त एका कडेला लावली, म्हणजे गोधडी उचलता यावी.

दिव्याची आई रेणुका लातूरकडची. वायरिंगच्या कंपनीत कायम थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी. आदल्याच आठवड्यात ती फाटकाशी मिनलला म्हणाली होती, "बाई, हिला गावाकडं सासूपाशी धाडावं म्हणते. ही घरी येते तवा मी झोपलेली. ही झोपते तवा मी बसमधी. असल्या झोपलेल्या आईचा लेकराला काय उपेग? मातृदिनाचं हुंदे, मग नेऊन घालते."

दिव्याचं कार्ड पुरं झालं आणि मिनलनं गोधडी उचलून बघितली. खाली आई झोपलेली होती, तोंड उघडं. तिच्या कुशीत दिव्या होती, डोळे टक्क उघडे, एक बोट ओठांवर. गप्प बसा, आई झोपलीय.

मिनलला वाटलं, हेच रेणुकाला उत्तर. आपण बोलायची गरजच नाही. हे एवढं रेणुकाच्या हातात पडलं पाहिजे.

मातृदिनाच्या आदल्या दिवशी प्राजक्ता मॅडमनी कार्डं चाळली. दिव्याच्या कार्डावर त्या थांबल्या.

"मिनल टीचर, हे काय? चादर घातलेली बाई? कुणी गेलंय का?"

"झोपलीय मॅडम ती. उचलून तरी बघा."

"दिवसाउजेडी कोण झोपतं? आणि शुभ दिवशी असलं काही?" कार्ड त्यांनी चिमटीत धरलं होतं, उचललं काहीच नाही.

दिवसाउजेडी कोण झोपतं! बंगल्याच्या मागच्या खिडकीतून हात लांबवला तर त्या पत्र्यांना लागला असता. तिथं दर दुपारी, पत्रा तव्यासारखा तापलेला असताना, डोळ्यांवर ओढण्या बांधून बाया झोपायच्या. नानासाहेब स्वतः खोलीखोलीनं भाडं मागत फिरायचे. बंद दारं वाजवायचे. दाराआड काय आहे हे बंगल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"फोटो जातात हो बाहेर," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "पुढच्या वर्षीच्या ॲडमिशन त्यावर असतात. बघते मी काय करायचं ते."

मातृदिनाची सकाळ. श्रावणी अमावास्या. नानासाहेबांच्या पत्नी शालनबाईंनी घरचा जुना रिवाज शाळेत आणला होता: आईनं नैवेद्याचं ताट डोक्यावर धरून पाठमोरं बसायचं आणि विचारायचं, 'अतीत कोण?' म्हणजे दाराशी पाहुणा कोण आलाय. मागून लेकरानं 'मी' म्हणायचं, ताट घ्यायचं. यंदा ताट घेतलं की कार्ड द्यायचं. मिनलच्या घरी हा रिवाज नव्हता, पण तो प्रश्न तिला आवडायचा.

मॅडमनी तिला सकाळभर फाटकावर उभं केलं, आयांचं स्वागत करायला. ती आत आली तेव्हा कार्यक्रम सुरू झालेला. पोरांच्या हातांत कार्डं होती. गुळगुळीत, छापील, सोनेरी कडांची, सगळी एकसारखी. एक गोरी आई, तिचे मोकळे केस, तिच्या मांडीवर गोरं बाळ. खाली पोरांच्या अंगठ्यांचे सोनेरी ठसे. ते कधी उमटवून घेतले कोण जाणे. भाडेपावतीवर अंगठा घ्यावा तसे.

रेणुका पाटावर बसली होती. कंपनीच्या बसमधून तशीच उतरून आलेली, निळ्या युनिफॉर्मात, डोळे लाल. डोक्यावर ताट.

"अतीत कोण?"

मागं दिव्या उभी. हातातल्या कार्डाकडं बघत.

"अतीत कोण गं?"

"बोल बाळ, मी म्हण," मॅडम कुजबुजल्या. फोटोवाला ताटकळला होता.

रेणुकानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज चिरकला. सगळ्यांच्या लेकरांनी ओळखलं होतं, हिचंच ओळखत नव्हतं.

"मी हाय," दिव्या म्हणाली. "पण हे माझं न्हाई. ही आई पण माझी न्हाई."

कुणीतरी हसलं. ओंकारनं आपलं कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "माझी बस कुठाय?" आणि मग एकेक पोर आपापलं मागू लागलं.

मिनल मागच्या दारानं बाहेर गेली. पत्र्याच्या खोल्यांसमोर कचऱ्याचं काळं पोतं उभं होतं. वर चहाचे कागदी कप, खाली पुठ्ठे. तिनं हात घातला. बटण निघालेलं होतं. बसवर चहा सांडला होता. गोधडी शाबूत होती. फेकायला हरकत नव्हती, निदान उघडून तरी बघायचं होतं!

तिनं सगळी कार्डं ओच्यात भरली, हॉलमधल्या सतरंजीवर ओतली. नावं पुकारावी लागली नाहीत. ज्यानं त्यानं आपलं झडप घालून घेतलं.

दिव्यानं आईसमोर पुठ्ठा धरला. "हळू उचल."

रेणुकानं ताट खाली ठेवलं, बोटांनी गोधडी उचलली. वाकून खालचं चित्र बघितलं.

"मी असं तोंड उघडं टाकून झोपते व्हय गं?"

"रोज."

"आन् तू? तू खेळायला जात न्हाईस?"

"कुणी दार वाजवलं तर? मी सांगते ना, गप बसा म्हणून." दिव्यानं पाटाजवळ उभ्या असलेल्या नानासाहेबांकडं बोट दाखवलं. "हे आजोबा लई जोरात वाजवतात."

रेणुकानं गोधडी परत नीट पांघरली, पुठ्ठा पोटाशी धरला आणि मॅडमकडं वळली. "हे कचऱ्यात कुणी टाकलं?"

"अहो, शाळेचा एक दर्जा असतो..."

"माझ्या लेकराची आई हाय ही. कचऱ्यात कुणी टाकली ते इचारलं मी." मग लेकीचा हात धरून, खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता कुठं धाडत न्हाई तुला."

मागं बाकीच्या बाया उभ्या राहू लागल्या. छापील कार्डं सतरंजीवर पडत गेली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

नानासाहेब खाकरले. मिनलच्या चहानं माखलेल्या हातांकडं त्यांनी बघितलं. "बाई, आमच्या घरात येऊन आमच्याच सणाचं वाटुळं केलंत. तुमाला काय कळणार हे? उद्यापास्नं यिऊ नका. न्हाई तर आत्ता सगळ्यांम्होरं चुकलं म्हणा, आन् मिटवा."

'तुमाला' या शब्दावर त्यांनी दिलेला जातीचा जोर दापोडीतल्या कुणालाही कळला असता. मिनलच्या ओठांशी पुष्कळ काही आलं: पत्र्यांबद्दल, दारांबद्दल, त्या गोऱ्या आईबद्दल. समोर दिव्या उभी होती, आईच्या कुशीला चिकटून. तिनं मिनलकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

रेणुकाचे डोळे उभ्या उभ्याच मिटत होते.

मिनलनं पदराला हात पुसले. टेबलावरची स्टीलची पट्टी उचलून मॅडमच्या हातात दिली, पायांत चपला सरकवल्या आणि फाटकातून बाहेर पडली.