चक्की चालवायचा कागद

२०२२ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि मला उत्तम लिहिता येतं, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

शाळा तिसरीपर्यंत. (चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. नुकसान मास्तरांचं झालं!) पण लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात चाळीस वर्षं पिठाची चक्की चालवली, ती काय उगं? चक्की एकच. गहू त्यातच, ज्वारी त्यातच, मिरचीही त्यातच. सडकेवर नवी चक्की निघाली तिथं मिरचीला वेगळं मशीन आहे म्हणे. असू द्या. ज्याला अक्कल कमी, त्याला मशीनं जास्त लागतात.

तर त्या साली तेरला मेहुणीची घरभरणी निघाली. दोन दिवस जाणं आलं. नेमकं त्याच वेळी शेजारच्या शब्बीरभाईंच्या मुलीची मंगनी. तीस वर्षं त्यांचा गहू माझ्याच चक्कीवर! अर्धं पोतं आणून टाकलेलं. माझा मुलगा नोकरीला पुण्यात. राहिली सूनबाई, सुनीता.

"मामा, एकदा चालवून दावा की," ती म्हणाली.

"दावायचं काय? लिहून देतो!"

आणि लिहिलं. सौ. सुनीतास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. (इकडं म्हणजे ओसरीवर. ती आत भाकरी थापत होती.) मग चक्की सोलापूरहून कशी आणली, दुकानदाराला मी कसा घोळात घेतला, हे पाऊण पान. मग बटण दाबावे, मोटर फिरली की गहू टाकावा, चिमटीत पीठ धरून बघावे. खाली सही. पान संपलं म्हणून उलटून मागं लिहिलं: ता. क. काल मिरची दळली आहे. गव्हाआधी दोन किलो जुनी ज्वारी दळून दगड साफ करणे. ते पीठ फेकणे.

आता कुणी म्हणेल, मुद्द्याचं शेवटी का? अहो, आमच्या काळात मुद्दा ता. क. मध्येच असायचा! थोरल्या भावानं एकदा दीड पान पाऊसपाणी लिहून खाली "ता. क. बैल मेला" असं कळवलं होतं. पत्र आलं की शहाणा माणूस आधी शेवट वाचायचा. सुनीताला जन्मात पत्र आलेलं नाही. तिनं कागद खिळ्याला टोचला, पाठ भिंतीकडं!

तेरला जेवायला बसलो तर तिचा फोन.

"मामा, गहू टाकू का?"

"कागदात हाय!"

"व्हय, पण आधी काही करायचं—"

"सगळं कागदात हाय! वाच!" आणि मी फोन ठेवला. ताटात जिलेबी होती.

पीठ जरा लालसर निघालं. शब्बीरभाईंच्या बायकोला वाटलं, बन्सी गहू असेल. मळताना बायका शिंकल्या. वाटलं, सर्दीची साथ आहे. परंड्याहून पाहुणे आले, पानात पुरी आणि खीर. होणाऱ्या सासऱ्यानं पुरी खिरीत बुडवून पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बायका कुजबुजल्या, "केवढा हळवा माणूस!" दुसऱ्या घासाला अख्खी पंगत हळवी झाली!

मंगनी मोडली नाही, अल्लाची मेहरबानी. पण शब्बीरभाईंचं पुढचं पोतं माझ्या दारावरून सडकेवरच्या चक्कीकडं गेलं. माझ्याकडं न बघता!

मी सुनीतावर उखडलो. तिनं कागद काढून पुढं धरला. "तुम्हीच वाचा, मामा. गहू टाकायच्या आधी कुठं थांबायचं ते दावा."

तेवढ्यात नात पल्लवी पुण्याहून आली. ही पोरगी मशीनसोबत येणारी माहितीची पुस्तकं लिहिते आणि त्याचा पगार घेते! तिनं माझं पत्र वाचलं आणि पोट धरून हसली.

"आबा, धोका पहिल्या ओळीत. एका ओळीत एकच काम. आणि सोलापूरचा दुकानदार काढा."

"त्याला काढलं तर उरतं काय?"

"चक्की!"

तीन दिवस वाद. नऊ कागद फाडले. शेवटी माझ्या अक्षरात सहा ओळी उरल्या. पल्लवी म्हणाली, "ज्यानं कधी चालवली नाही त्याच्या हातानं तपासून घ्या. काहीतरी सुटलेलं असतंच."

"माझ्या कागदात? एक अक्षर सुटलं न्हाय!"

कागद घेऊन मी शब्बीरभाईंच्या दारात गेलो. चुकलं म्हणायला जीभ वळेना, म्हणून कागदच पुढं केला. त्यांनी वाचला.

"बप्पा, उद्या सकाळी पोतं आणतो. मी वाचणार, तुमी तेवढंच करायचं. बिघडलं तर पोतं उचलून सडकेला."

"कागदात हाय तेवढंच करीन! वर एक बोट हलवणार न्हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीपुढं निम्मी गल्ली. शब्बीरभाई खणखणीत वाचू लागले. ज्वारी घालून दगड साफ केला. ते पीठ फेकलं. पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेली, तिखट लागलेली कापडी बाही सोडून धुवायला टाकली. मोटर चालू. गहू टाकला. आणि माझ्या ध्यानात आलं की दुसरी, स्वच्छ बाही बांधायची ओळ कागदात नाही!

बाही खुंटीवर, हातभर अंतरावर. सुनीता खुणा करत होती. पण शब्द दिलेला! पीठ सुटलं ते सरळ माझ्या अंगावर. मिशा, टोपी, चष्मा, सगळं पांढरं. मी खांबासारखा उभा.

"मामा, बांधा की आता!"

"कागदात न्हाय!"

शब्बीरभाई आधी खोकले, मग हसले, मग डोळे पुसत पोत्यावरच बसले. "सूनबाई, बाकीचा गहू तू दळ. पोतं इथंच राहू दे. पण ह्यांना भाईर काढ."

सुनीतानं बाही बांधली, माझ्या खिशातला पेन काढून सातवी ओळ लिहिली आणि मला दार दाखवलं. चाळीस वर्षांचा मालक मी, गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर जाऊन बसलो. शेजारी बसलेल्या म्हातारीनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "किती किलो दळून घेतलं, बाबा?"