उभ्या गाडीची बॅटरी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आधी काय यावं? त्याच्या बॅटरीत आता पाणी कोण घालणार! असलं वेडगळ काहीतरी. पण शेवटचा भेटला तोही तसाच... भातसानगरजवळच्या घरामागे उभ्या असलेल्या मॅटॅडोर गाडीत वाकलेला, हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली. "थांब गो, एवढं भरतो," म्हणाला, आणि सख्ख्या बहिणीला ताटकळत ठेवलं.

तिथल्या धरणावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यानं ती जुनी गाडी घेतली. वहिनीला दमा. वाफेचं मशीन विजेवर चालणारं, त्यामुळे ती कधी कुठं गेलीच नव्हती. दादानं गाडीत झोपायला बाक केला, पंखा आणि इन्व्हर्टर बसवला. मुरबाडच्या दुकानदारानं बजावलं होतं, गाडीची बॅटरी इंजिनाला धक्का देण्यापुरती. तासन्‌तास मशीन चालवायचं तर ट्युब्युलर बॅटरी घ्या, वेगळी ठेवा, चार्ज निम्म्याखाली उतरू देऊ नका आणि पाणी फक्त डिस्टिल्डच घाला. दादानं सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. "अख्खी मुंबई आमचं पानी पिते, हिलाच काय धाड भरली?" उभा जन्म धरणावर गेलेला माणूस तो! महिनोन्‌महिने नळाचं पाणी घालत राहिला.

पौषात मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला निघालो, मीही बरोबर होते. जत्रा झाली की घाटाखालच्या वैशाखऱ्याला मुक्काम करायचा, घाट डोळे भरून पाहायचा, हे वहिनीनं ठरवलेलं. बैलबाजाराच्या धुळीनं तिचा श्वास अडकला. मशीन जरा घरघरलं आणि बंद पडलं, बॅटरी बसली होती. तिचे ओठ निळे पडायला लागले... दादानं इंजिनाच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या, तेव्हा कुठं मशीन सुरू झालं. वहिनी सावरली. दादा मात्र सावरला नाही. त्यानं गाडी तिथूनच घराकडे वळवली.

मग नवी बॅटरी आली. दर रविवारी डिस्टिल्ड पाणी, टर्मिनलवरची पांढरी बुरशी पुसून व्हॅसलीन, वर चार्जिंग. पण गाडी फाटकाबाहेर म्हणून काढली नाही. वहिनी दर हिवाळ्यात वैशाखऱ्याचं विचारायची. हा म्हणायचा, बॅटरीचा भरवसा नाय. मला संताप यायचा, अजून येतो. अरे, भरवसा तुझा तुझ्यावरचा उडालाय, असं तोंडावर सुनावलंही मी. तो फडकं पिळत राहिला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तशी वहिनी मला गाडीत घेऊन बसली. तिनं बटण दाबलं. पंखा लगेच गरगरला, दिवाही लख्ख लागला.

"बघा वन्सं, किती चांगली ठेवलीय यांनी," ती म्हणाली. "पन मला वैशाखरं काय दावलं नाय."

मला रडू आवरेना. ती मात्र उठली आणि डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणायला घरात गेली. रविवार होता.