आठ हजार वेढे

गिटारचं खोकं आलं तेव्हा दादा पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. वडिलांना आम्ही दादाच म्हणत आलो. आई गेल्यावर मी त्यांना पाचोड गावाहून शहरात, मुकुंदवाडीला माझ्या दोन खोल्यांच्या घरी घेऊन आले, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. चार महिन्यांत ते जेवढं बोलले, तेवढं एका चहाच्या वेळेत बोलून झालं असतं. उजव्या कानानं त्यांना काहीच ऐकू येत नाही. डाव्यानं थोडं येतं, तेही समोरचा ओरडला तर. आणि सांत्वन ओरडून कसं करायचं, हे मला कळत नव्हतं.

मी शेंद्र्याला एका कारखान्यात ड्रॉइंग तपासायचं काम करते. पहिली पाळी असली की दुपारी साडेतीनला घरी. त्या दुपारी मला कायम दुसऱ्या कुणाच्या तरी वाटायच्या. कूलरचं पाणी ठिबकत असायचं, पडद्यातून पिवळा उजेड फरशीवर सरकत यायचा, जवळच्या स्टेशनात एखादी गाडी थांबून पुन्हा निघायची आणि मागं राहिलेली शांतता जरा जास्तच मोठी वाटायची.

कॉलेजात असताना गॅदरिंगच्या आदल्या दिवशी मी खुर्च्या लावत होते. स्टेजवर कुणाचीतरी लाल इलेक्ट्रिक गिटार पडली होती. आसपास कुणी नाही असं बघून मी तिच्या एका तारेला बोट लावलं. वायर जोडलेली नव्हती, त्यामुळं चिलटासारखा बारीक आवाज आला आणि विरला. एवढंच. वीस वर्षांनी, एक्केचाळिसाव्या वर्षी मी गिटारचं किट मागवलं. तयार गिटार घेतली असती तर ती वाजवावी लागली असती. ही नुसती जोडायची होती.

खोक्यातून कोरं लाकूड निघालं, लांब मान निघाली, स्क्रूच्या पुड्या, सहा तारा, आणि लाल-काळ्या वायरींचा गुंता. लाकडाला हात लावला की थंड, गुळगुळीत लागायचं. पहिले दहा-बारा दिवस मी त्याला जवसाचं तेल पाजत होते. फडक्यानं एक हात द्यायचा, पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा एक हात. दिवसागणिक त्यातल्या रेषा वर येत गेल्या, तळ्याच्या तळाशी हलणाऱ्या शेवाळासारख्या. तेलाच्या वासानं असेल, एक दिवस दादा कूस बदलून माझ्याकडं बघायला लागले.

"काय करायलीस?"

"गिटार!" मी ओरडले.

"आँ?"

मी वाजवल्याचा अभिनय केला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

वायरिंगच्या दिवशी मात्र ते उठून बसले. मी सोल्डरिंग करत होते आणि कथलाचे गोळे होऊन टपाटप खाली पडत होते. बराच वेळ त्यांनी ते सहन केलं. मग आले, माझ्या हातातून तापलेली इस्त्री घेतली, सोल्डरिंगच्या दांडीला आमच्याकडं इस्त्रीच म्हणतात, आणि म्हणाले, "आधी तार तापव. तार तापली की कथील आपसूक पळतंय." त्यांनी एक टाका मारला. थेंब चकाकत पसरला आणि बसला. हात थरथरत नव्हता. पाचोडला पस्तीस वर्षं त्यांनी विहिरींवरच्या मोटारी भरल्या, म्हणजे जळालेल्या मोटारीची जुनी तार काढून नवी गुंडाळली. ते हात मी विसरलेच होते.

सगळं जोडून झालं. तारा चढवल्या, लहानसा अ‍ॅम्प्लिफायर लावला, बटण दाबलं. तारांखाली दोन पिकअप होते, तारांचा आवाज पकडणाऱ्या पट्ट्या. मानेजवळचा वाजला, माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्यावर खटका टाकला तर काहीच नाही. मीटर लावून बघितलं, आत कुठंतरी तार तुटलेली. मी नवा पिकअप मागवायला फोन हातात घेतला, तेवढ्यात दादांनी तो मेलेला पिकअप उचलून खिडकीशी नेला. वरचं प्लास्टिकचं झाकण नखानं काढलं. आत सहा लोहचुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार.

"ही तर कॉइल हाय."

मी कागदावर लिहून दाखवलं: वर पोलादी तार हलते, खाली चुंबक आहे, म्हणून कॉइलमध्ये करंट तयार होतो. तो स्पीकरकडं जातो. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"म्हंजे मोटारीत आपण करंट घालतो आन् ती फिरती. हितं तार हलती आन् करंट निघतो." ते माझ्याकडं बघून हसले. आई गेल्यावरचं पहिलं हसू. "उलटी मोटार हाय की गं ही!"

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं शहागंजच्या बाजारात गेलो. एका जुन्या दुकानात शेहेचाळीस नंबरची तार मिळाली. दादांचा जन्म गेला बावीस नंबरच्या जाड तारेत. ही त्यांनी दोन बोटांत धरली आणि डोळे मिटले. "हाय का नाय, तेच कळंना," म्हणाले.

आईचं शिलाई मशीन माझ्याकडं होतं. त्याच्यावर मी धुतलेले कपडे ठेवायची. दादांनी कपडे उचलून पलंगावर ठेवले, चाकाचा मधला स्क्रू ढिला केला. आता सुई हलणार नव्हती, नुसतं चाक फिरणार होतं. जुनी तार काढून रिकामा केलेला पिकअप त्यांनी चाकाला चिकटवला. मी पायानं मशीनखालचा पायटा हलवायचा, त्यांनी समोर बसून तार सोडायची. पायटा एकदा खालीवर झाला की वरचं चाक चार वेळा फिरायचं. आठ हजार वेढे हवे होते, म्हणजे पायटा दोन हजार वेळा.

तीन दुपारी आम्ही तेच करत होतो. पहिल्या दुपारी तार दोनदा तुटली. दोन्ही वेळा त्यांनी तिच्यावरचं वार्निश अलगद जाळलं, टोकं जुळवली आणि पुढं चालू. मी मोठ्यानं मोजत होते. त्यांना ऐकू जात नव्हतं, पण ते माझे ओठ बघत होते. उजेड तारेवर पडला की ती सोन्याच्या कोळ्यानं सोडलेल्या धाग्यासारखी दिसायची, मान जरा हलवली की नाहीशी. मशीनची घरघर, पायट्याची लय, माझेच आकडे. मला वाटायला लागलं की आम्ही तार नाही, दुपारच गुंडाळतोय.

दुसऱ्या दिवशी सातशेच्या आसपास दादा एकदम बोलायला लागले. तारेवरची नजर न काढता.

"तुझी आई मोजायची. अशीच."

मी पाय थांबवणार होते. त्यांनी मानेनंच खुणावलं, थांबू नको.

"बाजाराच्या दिवशी दुकानात लई गर्दी. मला गिऱ्हाइकाशी बोलावं लागायचं, मोजणी चुकायची. मंग ती येऊन बसायची. भरल्या दुकानात मोठ्यानं मोजायची. कुणी रामराम केला तर नुसता हात वर. आकडा सोडला नाय कधी."

मी त्या दुकानात लहानाची मोठी झाले. पण बाजाराच्या दिवशी मी शाळेत असायची. आई तिथं बसायची हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठांवर सातशे चौदा, सातशे पंधरा चालूच राहिलं. दादाही रडत होते. त्यांची बोटं मात्र ढिली पडली नाहीत. ढिली पडली असती तर तार लोंबली असती.

तिसऱ्या दुपारी दोन हजार झाले. वेढे हलू नयेत म्हणून पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढला, बसवला, टाके त्यांनीच मारले. मी खटका टाकला आणि सगळ्यात जाड तार छेडली.

आवाज आला. खोल, थोडा घोगरा, जमिनीखालून आल्यासारखा. खोलीभर पसरला आणि किती तरी वेळ गेलाच नाही. मी दादांकडं बघितलं. ते माझा चेहरा बघून अंदाज घेत होते. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा तार छेडली. त्यांनी तळवा लाकडावर ठेवला, मग हळूच वाकून हनुवटी टेकवली.

"घुमतंय," ते म्हणाले. "पार दातापत्तूर घुमतंय. अजून एकदा मार."

मी मारलं. किती वेळा, ते मोजलं नाही.

आता मी आठवड्यातून दोनदा क्लासला जाते. चार-पाच सूर धड येतात, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. दादांनी भरलेला पिकअप दुसऱ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो. सरांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा विचारलं, हा कुठून आणला? मी घरी येऊन ते दादांना लिहून दाखवलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि थोडा वेळ गिटारकडं बघत बसले.

"तो दुसरा बी खोलू का?" मग म्हणाले. "कंपनीनं कसा गुंडाळला आसंल, काय भरोसा."

तो चांगला चालू होता. मी स्क्रू ड्रायव्हर आणायला उठले.