कपाट उघडलं की

सोल्डरिंगचा तो राळेसारखा वास आला की मला घोटावड्याजवळचा कारखाना आठवतो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि माझी पहिलीच नोकरी. ऑफिसातले सहा संगणक एका केबलने जोडलेले होते, सगळ्यांची ड्रॉइंग्ज एका मोठ्या संगणकावर असत आणि ती व्यवस्था माझ्याकडे होती. पण अधूनमधून एक ड्रॉइंग उघडायला दहा-दहा मिनिटं लागत, मग आपोआप सगळं सुरळीत होई. साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत बघा, नाहीतर पुन्हा कागदावर काम सुरू करू." तीन दिवस मी प्रत्येक जोड तपासला, दोष काही सापडेना. शुक्रवारी दुपारी डोकं धरून बसले होते. खिडकीतून कापलेल्या भाताचा वास येत होता. झाडलोट करणाऱ्या मावशी केरसुणी थांबवून म्हणाल्या, "बाई, त्ये लोखंडी कपाट उघाडलं की समदी वरडत्यात. म्या रोज ऐकतीया." मी उठून कपाटाचं जड दार उघडलं. कपाट किंचित पुढे झुकलं आणि पलीकडून कोणीतरी ओरडलं, "अडकलं परत!" आम्ही दोघींनी कपाट सरकवलं, तर पुढच्या पायाखाली केबल चेपलेली. तेवढा तुकडा कापून मी नवा जोड सोल्डर केला, केबल भिंतीवरून वळवली आणि ड्रॉइंग झर्रकन उघडलं. "मला बी दावा की, आत काय दिसतंय," मावशी म्हणाल्या. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. अजूनही कुठे बिघाड शोधायला गेले की मी आधी विचारते, इथे झाडलोट कोण करतं?